आधी गुड मॉर्निंग, मग कोको

३ नोव्हेंबर, सकाळी ६
कोको ढवळताना आठवलं. शाळा सुटली की मी आणि माझी बहीण वर्ना धक्क्यावर बसून एकाच कानतुटक्या कपातून कोको प्यायचो. आमच्या बेटावर केळी न्यायला येणाऱ्या बोटींवरचे खलाशी आधी गुड मॉर्निंग म्हणायचे, मग पाणी मागायचे.
आजपासून आमच्या ओट्यावर माझी टी-रूम. मंत्रीसाहेब रेडिओवर म्हणाले, परदेशी पाहुणा आला की देश वर येतो. त्याचा डॉलर दारोदार फिरतो. आमचं दार धक्क्यापासून चाळीस पावलांवर!
वर्नाची लेक क्लोडेट टोरांटोहून बजावते, ईस्टरपर्यंत टी-रूम चालली तर ठीक. नाहीतर घर विकून आम्ही दोघींनी तिच्या घराच्या बेसमेंटमध्ये राहायला यायचं. ईस्टरपर्यंत मी दुसरी शाखा काढलेली असेन.

११ नोव्हेंबर
पर्यटकांचं पहिलं जहाज. तीन हजार माणसं. आठ आत आली. गुड मॉर्निंग एकानेही म्हटलं नाही. एका बाईने थेट वाय-फाय विचारलं. मी हसून वाट पाहिली. तिनेही पाहिली. मग गेली.
सुरुवात चांगली.

१२ नोव्हेंबर
वर्नाने विचारलं, अगं, हॉटेल काढलंयस की कॉन्व्हेंट? मी म्हटलं, इथे बसमध्ये चढणारासुद्धा अख्ख्या बसला गुड मॉर्निंग म्हणतो. येणाऱ्याने आधी म्हणायचं, ही रीत. रीत सोडून देश वर येत नसतो.

९ डिसेंबर
पाटी लावली: कृपया आधी गुड मॉर्निंग. चौदा जणांनी पाटीचे फोटो काढले. फुकट जाहिरात! आत कोणी आलं नाही. जहाजावर नाश्ता फुकट असतो म्हणे.
शेजारची आयोना तोच कोको 'ये गं राणी, बस गं राणी' करत विकते. दुपारपर्यंत तिचं पातेलं रिकामं. बाईला धीर म्हणून नाही.

२० जानेवारी
मी मागच्या दारी असताना वर्नाने एका म्हाताऱ्याला आमचं टॉयलेट वापरू दिलं. त्याने टेबलावर एक डॉलर ठेवला. वर्ना म्हणाली, बघ, मंत्र्याचा डॉलर फिरत फिरत आला.

२ मार्च
उरलेला कोको रोज आम्हीच पितो. वर्नाला शुगर निघाली.
नवा निश्चय: उद्या मीच आधी म्हणायचं.

३ मार्च
एक मुलगी आली. मी तोंड उघडलं. शब्द फुटेना. शाळेत ही रीत शिकवणाऱ्या सिस्टर बर्नार्ड मागे उभ्या आहेत असं वाटलं. मुलगी आयोनाकडे गेली.

१७ मार्च, सकाळी ९
आज! एक माणूस, उंबऱ्यावर थांबून, टोपी काढून: गुड मॉर्निंग, मिस अर्नेस्टीन. माझे डोळे भरून आले. दोन कप कोको, चार गरम बेक्स, आमचे तळलेले पाव; पैसे घेतले नाहीत.
मग त्याने कागद दिला. बंदराच्या ऑफिसातला माणूस. पुढच्या सीझनपासून जहाजं उत्तरेच्या नव्या धक्क्यावर. तिथे जहाजवाल्यांचंच कॅफे आहे.
कागद देऊनही तो गुड डे म्हणाला. चांगल्या घरचा.

६ एप्रिल, ईस्टर सोमवार
घर गेलं. घेणारा परदेशी, सुट्टीपुरता येणार. बघायला आला तेव्हाही नुसताच आत शिरला. तिकिटं आली. थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे, मग परत येऊच.
मोठं पातेलं आयोनाला. तिला कुठलंही गिऱ्हाईक चालतं. बाकांपैकी दोन शाळेला, एक चर्चच्या व्हरांड्याला. सहा कप ज्याला हवेत त्याला. कानतुटका कप वर्नाच्या बॅगेत, स्वेटरमध्ये गुंडाळून. तिला सांगू नये, रडेल.
पाटी कोणालाही देऊ नये. टोरांटोच्या बसमध्ये लागेल.