पाळण्यावरची मच्छरदाणी

अहो,

बाळाला घेऊन पुन्हा तुमच्या कामावरच्या जोडीदाराच्या घरी जातेय. जेवण झाकून ठेवलंय.

सकाळी भेटायला गेले, तर त्यांच्या पाळण्यावरही आपल्यासारखीच औषध लावलेली मच्छरदाणी. त्यांची बायको म्हणाली, “लाकूडतोडीवर प्रत्येकाला दोन-दोन मिळाल्या ना?” मुकादम तिथंच बसले होते. खाली मान घालून म्हणाले, “वहिनी, माणशी एकच दिली होती.”

म्हणजे तुम्ही दोघं जंगलात उघड्यावर झोपत होतात आणि घरी येऊन आम्हाला थापा मारत होतात. त्यांना हिवतापानं नेलं. तुम्ही अजून आहात, एवढंच.

आपली मच्छरदाणी काढून तुमच्या पिशवीत भरलीय. ती परत बाहेर काढलीत तर याद राखा. खिडक्यांना मी जाळी लावून घेते, बाळाचं मी बघेन. कामावर परतायच्या आधी दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्या. “मला काय धाड भरलीय” हे डॉक्टरांना ऐकवा, मला नको.

सकाळी मी तिथून निघाले तशी त्यांची बायको दारापर्यंत आली. हळूच म्हणाली, “पाळण्यावरची काढून टाकू का गं?” मी नुसतं ‘येते’ म्हणून निघून आले. म्हणून परत जातेय. तिला सांगते, राहू दे. बाळासाठीच आणलीय त्यांनी.