दारावर आईचा फोटो

रूसे,
२६ फेब्रुवारी

प्रिय मिलेनदादा,

नमस्कार. आम्ही इकडे ठीक आहोत. तूही तिकडे डॉर्टमुंडला ठीक असशील असं धरून चालते, कारण तू स्वतःहून काही कळवत नाहीस. सोबत वसंताचा लाल-पांढरा दोरा पाठवतेय, दरवर्षीसारखा. एक मार्चच्या आत पोचला तर मनगटाला बांध, उशीर झाला तरी बांध. आईने वळलाय. "मी वळलाय म्हणून त्याला सांग," म्हणाली होती. सांगितलं बघ.

फोन केला की तू "गाडी चालवतोय" म्हणून ठेवून देतोस. बाबा गेल्यापासून तुझा ट्रक काही थांबायला तयार नाही, म्हणून हे पत्र. आणि फोन ठेवायचाच असेल तर निदान नंबर तरी जुनाच ठेव, दरवेळी नवा शोधायला लावू नकोस.

आता माझी बातमी. आमच्या फिल्मच्या वर्गात सरांनी काम दिलंय: थरारपटाची फक्त सुरुवात बनवायची. दोन मिनिटं, एक शब्द नाही, आणि बघणारा खुर्चीतून उठता कामा नये. सगळ्या गटांनी लगेच जंगल धरलं. मुलगी पळतेय, मागे बूट वाजतायत. ओग्न्यान सर कपाळाला हात लावून म्हणाले, "एवढ्या मुली आमच्या जंगलात पळाल्या, तर झाडं कुठे उभी राहायची?"

माझी सुरुवात वेगळी आहे. एक बाई बाजार करून घरी येते. इमारतीच्या खालच्या दारावर गेलेल्यांचे कागद चिकटवलेले असतात, आपल्याकडे असतात तसेच. फोटो, नाव, खाली शोकाकुल म्हणून घरच्यांची नावं. कुणाचा नवा कागद दिसला की आपण पिशव्या हातात धरूनच वाचतो ना, तशी ती वाचायला थांबते. आणि फोटो तिचाच असतो.

सरांनी हे ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. ते पेन ठेवतात म्हणजे काम झालं.

मग यावोर आणि माझं जुंपलं. यावोर म्हणजे आमचा कॅमेरावाला, उंच, सदा उपाशी. त्याचं म्हणणं, आधी कागद दाखवायचा, धाडकन. मी म्हटलं, नाही, आधी बाईचा चेहरा. ती वाचतेय, वाचतेय, तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होतंय आणि आपल्याला अजून कळत नाहीये काय ते. आम्ही दोघांनी सगळी दृश्यं चौकोनात काढून भिंतीवर लावली. त्याने माझे चौकोन काढून टाकले, मी त्याचे. शेवटी माझे राहिले.

पण खरी पंचाईत पुढेच आहे. फोटो द्यायला कुणी तयार नाही. वर्गातली झोर्नित्सा त्या बाईचं काम करणार होती. फोटो दे म्हटल्याबरोबर म्हणाली, "वेड लागलंय का तुला? माझ्या आजीला कळलं तर ती मला घरात घ्यायची नाही. आणि खरंच काही झालं तर?" एवढी शिकलेली मुलगी! वर्गात एकेकीला विचारलं. एकजात सगळ्या पळाल्या, त्यांच्या त्या जंगलातल्या मुलीसारख्या.

आई बरी आहे. थोडी बारीक झालीय, पण तिला शोभतं.

तुझी,
कालिना

रूसे,
१४ मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चार ओळी. "दोरा बांधला. फिल्म चांगली होईल. आईचं काही लिहू नकोस." बरं. पण फिल्मचं लिहायचं तर आईचं लिहावं लागतं, त्याला माझा इलाज नाही. कारण फोटो आईने दिलाय.

झालं असं, की मी जेवताना रडगाणं गात होते की फोटो नाही आणि सर म्हणतात काम करणारीचाच फोटो हवा. आई म्हणाली, "मी करते की."

"काय करतेस?"

"तुझी ती बाई. बाजारातून यायचं आणि दारासमोर उभं राहायचं, एवढंच ना? आयुष्यभर तेच केलंय."

"आई, अगं, मेलेल्यांच्या कागदावर तुझा फोटो लावायचा आहे."

"मग? तो बघून मी मरणार आहे का?" असं म्हणाली आणि सूप वाढायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः आमच्या वर्गात आली, निळा कोट घालून. सगळे चौकोन नीट बघितले. यावोरला म्हणाली, "अरे, ही बाई पिशव्या खाली ठेवते असं का काढलंयस? खाली ठेवत नाहीत. अंडी असतात." यावोरने तो चौकोन खोडला. मग सरांना विचारलं, "पुढे काय होतं तिचं? जगते की मरते?" सर म्हणाले, "पुढचं बनवायचं नाहीये, बाई. फक्त सुरुवात." "सोयीचं आहे तुमचं," आई म्हणाली. सर दिवसभर हसत होते.

फोटो तिने आधीच निवडलेला होता. तुझ्या शाळेच्या निरोपाच्या नाचाच्या दिवशीचा, दारात काढलेला. त्यात तुम्ही दोघं होता. तिने फक्त तिच्याकडची बाजू मोठी करून आणली होती, पण कडेला तुझ्या कोटाचा खांदा आलाय. यावोर म्हणाला, "काकू, हा खांदा मी पुसून टाकतो, एका मिनिटाचं काम आहे."

"राहू दे," आई म्हणाली. "तो हलत नाहीये ना? मग राहू दे."

मग मजकूर. मी खोटी नावं सुचवली. ती ऐकेना. खाली "शोकाकुल" लिहून तिने सांगितलं, "मुलगा मिलेन, मुलगी कालिना." मी म्हटलं, आई, सिनेमा आहे, नावं वाचली जाणारही नाहीत. ती म्हणाली, "मग खरी असली तर तुझं काय बिघडलं?"

दादा, तू लिहू नकोस म्हणालास, तरी आता हे लिहितेच. बाबांच्या कागदावर तुझं नाव नव्हतं. तू बाबांचं होड्या दुरुस्तीचं दुकान सोडून जर्मनीला गेलास तेव्हा ते म्हणाले होते, मला मुलगा नाही, माझ्या कागदावर त्याचं नाव घालायचं नाही. आणि आईने मेलेल्या माणसाचा शब्द पाळला. तू दीड दिवस बसने येऊन खालच्या दाराशी तो कागद वाचलास आणि वर न येता परत फिरलास. शेजारच्या स्तान्का काकूंनी खिडकीतून तुझी पाठ पाहिली म्हणून आम्हाला कळलं तरी. आई चपला न घालता बसच्या थांब्यापर्यंत धावली होती. हे तुला कुणी सांगितलंय का? मला वाटतं नाही. आता मी सांगितलं.

तिने चूक केली. मी तिला तसं तोंडावर म्हटलंय. पण चूक नवऱ्याचं ऐकण्याची होती, तुला टाकण्याची नव्हती.

तिची कंबर दुखते म्हणून दवाखान्यात जाऊन आलो. विशेष नाही.

पुढच्या रविवारी सकाळी आपल्याच दारावर तालीम आहे. उजेड कसा पडतो ते बघायचंय.

तुझी,
कालिना

रूसे,
२३ मार्च

दादा,

काल संध्याकाळी घरचा फोन वाजला. आईने उचलला. पलीकडे कुणी बोलेना. मी स्वयंपाकघरातून बघत होते. ती दोनदा "हॅलो" म्हणाली, मग कान देऊन ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "मिलेन?" आणि फोन बंद झाला. ती म्हणाली, "कुणीतरी रडत होतं."

तू होतास. मला माहीत आहे, कारण मधल्या वेळात काय झालं तेही मला आता कळलंय. नीट सांगते.

काल रविवारी सकाळी आम्ही दारावर कागद लावला. यावोरने अगदी खऱ्यासारखा छापून आणला होता, काळी चौकट, क्रूस, सगळं. आई पिशव्या घेऊन चालत आली, थांबली, वाचलं. आम्ही चेहऱ्यावर उजेड बघितला. तिचा चेहरा मला बघवेना. ती नाटक करत नव्हती, दादा. शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचत गेली आणि तिथेच थांबून राहिली. यावोर कुजबुजला, "हाच. हाच शॉट." मग ती म्हणाली, थंडी वाजतेय, वर चला, सगळ्यांना कॉफी देते. आम्ही तिच्यामागे वर गेलो, आणि कागद तिथेच राहिला. आम्हा गाढवांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की आपल्या गल्लीत दारावरचा कागद म्हणजे वर्तमानपत्र.

कॉफी उतू जायच्या आत बेल वाजली. आईनेच दार उघडलं. बाहेर स्तान्का काकू, काळा रुमाल बांधलेल्या, हातात फुलं, मागे तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी. काकूंनी आईला पाहिलं आणि भिंतीला टेकल्या.

"नेवेना," त्या म्हणाल्या, "अगं, तू तर मेलीस."

"अजून नाही," आई म्हणाली. "आत या. कॉफी तयार आहे."

मग तिने काकूंच्या हातातली फुलं घेतली, मोजली, सम निघाली, मेलेल्यांना देतात तशी; जिवंतांना विषम. त्यातलं एक काढून यावोरच्या हातात दिलं आणि बाकीची फुलदाणीत लावली. म्हणाली, "आता चालतील." आम्ही सगळे हसलो. काकू हसता हसता रडायला लागल्या. आणि रडता रडता बोलून गेल्या, "पण या वेळी मुलाचं नाव घातलंस, नेवेना. ते बरं केलंस."

आई म्हणाली, "हो. या वेळी घातलं."

काकूंनी वर येण्याआधीच त्यांच्या तिकडे एसेनला असलेल्या मुलाला फोन केला होता. त्याने तुला कळवलं. मग त्याला "नाही रे, जिवंत आहे" म्हणून पुन्हा कळवायचं काकूंच्या लक्षात आलं ते आज सकाळी. म्हणजे मधला सगळा वेळ तू आई गेली असं धरून होतास, आणि मग तिचाच आवाज ऐकलास. तुझं काय झालं असेल त्याची मला कल्पना आहे. मी रात्रीतून कितीतरी वेळा तुझा नंबर लावला. तू उचलला नाहीस. आता तरी माझ्यावर चिडू नकोस, कारण पुढचं वाचायचं आहे.

आईने मला शपथ घातली होती. जानेवारीपासून. तुला लिहायचं नाही, तो दयेने आला तर नको, म्हणाली. म्हणून मी तुला लिहिलं की बारीक झालीय आणि शोभतं. कंबर दुखते. खोटं होतं सगळं. दुखणं पोटात आहे आणि यकृतापर्यंत गेलंय. डॉक्टर बाई चांगल्या आहेत, त्यांनी गोलमाल बोलणं टाळलं. म्हणाल्या, जूनमध्ये चेरी येतील तेव्हा असेल, सप्टेंबरात द्राक्षं येतील तेव्हाचं सांगता येत नाही. आई त्यांना म्हणाली, "मग यंदा चेरीचाच मुरंबा करते." असं बोलते बघ. मी तिथे रडले, ती नाही रडली.

सिनेमाची ती सुरुवात मला कुठून सुचली असं सर विचारत होते. मी सांगितलं, अशीच. अशीच नाही. दवाखान्यातून येताना रोज खालच्या दाराशी मी थांबायचे आणि दारावरची एक मोकळी जागा माझ्या डोळ्यात भरायची. मला वाटलं, सिनेमा केला की भीती माझ्या हातात राहील, मी ठरवीन तेव्हा सुरू होईल आणि दोन मिनिटांत संपेल. तसं काही होत नाही. आणि आईने फोटो दिला तेव्हा मी मूर्ख, माझ्या कामासाठी देतेय असं समजले. ती तिचं काम उरकत होती. फोटो निवडून झाला, मजकूर झाला, नावं झाली. उद्या मला एकटीला बसून ते लिहावं लागू नये म्हणून.

शूटिंग एप्रिलच्या पहिल्या शनिवारी आहे. सर म्हणाले, रद्द करू. आई म्हणाली, कशाला, माझं पाठ झालंय. त्यामुळे होणार. पण त्या शनिवारी ये असं मी म्हणत नाही. त्याच्या आधी ये. ट्रक कुणाच्या तरी ताब्यात दे आणि निघ. तिच्याशी भांड, बाबांच्या कागदाचा जाब विचार, तिला तो द्यायचाय. काल फोन बंद झाल्यापासून ती फोनजवळच्या खुर्चीवरून उठलेली नाही. मी जेवायला बोलावलं तर म्हणाली, "तू जेव. परत करेल तो."

दादा, ती शपथ मी आज मोडली. तिला अजून सांगितलेलं नाही. तू आलास की तुझ्याकडे बघून तिला आपोआप कळेल.

कागदावर तुझं नाव येईल. ते आता तिने सांगूनच ठेवलंय, मी बदलणार नाही. पण त्या दारावर तुझं नाव लागायच्या आधी त्या दारातून तू एकदा आत ये. वर ये. ती स्वतः उठून दार उघडते, तोवर ये.

अजून आम्ही दोघी आहोत.

तुझी,
कालिना