बोटभर कोंब

मंगळवार, संध्याकाळ

“बांध मना शे!” असा दोन शेतांमधल्या बांधावर हक्क सांगत चुलतभाऊ सुकदेवने सकाळी आमची निसवलेली, घड लागलेली केळी कोयत्याने आडवी केली. मग मीही त्याच्या बागेत घुसलो आणि दिसेल ते खोड सपासप तोडलं. तो मध्ये आला. हात आवरलाच नाही. जामनेरच्या दवाखान्यात त्याच्या दंडाला सहा टाके पडले.

आता बघतो तर आमच्या कापलेल्या खोडांतून बोटभर कोंब वर आलेत. एका दिवसात! मुलगी विज्ञानाचं पुस्तक घेऊन शेजारीच बसली होती. म्हणाली, “पप्पा, दुसऱ्या ग्रहावर असा एक कोंब सापडला ना, तर सगळं जग नाचेल.”

बोटभर कोंब... म्हणजे त्याच्या बागेतही आले असतील?

कोयता अजून धुतलेला नाही. तेही छाटायला हात शिवशिवतोय.