साडूच्या गच्चीवरची ताडपत्री

प्रिय ताई,

धाकटीचा नमस्कार, आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वेगळा. डाव्याची सूज उतरली का? फोनच केला असता, पण तू स्पीकर लावतेस आणि भाऊजी पेपर वाचायचं सोंग करून सगळं ऐकतात.

परवा कॉलेजातली एक मुलगी आमच्या कारखान्यात आली होती. सौरऊर्जेच्या कंपन्यांना नवं काही करायची उमेद कुठून येते, यावर ती प्रबंध लिहिते आहे. यांनी तिला तेलाचे भाव, सरकारी नियम, गिऱ्हाइकांच्या मागण्या, पृथ्वीची काळजी असं सगळं रीतसर सांगितलं. (पृथ्वीची काळजी! घरातला नळ महिनाभर गळतोय.) मी चहा ओतत होते. खरी उमेद खिडकीतून समोर दिसत होती: यांच्या साडूचा, म्हणजे आपल्या भाऊजींचा कारखाना.

तुला आठवतंच, भाऊजींच्या कारखान्याच्या गच्चीवर ताडपत्रीखाली काहीतरी असायचं. सकाळी त्याचं तोंड एकीकडे, संध्याकाळी दुसरीकडे. यांनी ते दुर्बिणीतून पाहिलं आणि त्या दिवशी जेवलेच नाहीत. "साडूनं सूर्याबरोबर फिरणारं पॅनल केलं!" मग आमच्याकडे मोटारी, दातेरी चाकं, माझ्या शिलाई मशीनचा पट्टासुद्धा कामी आला. आमचं फिरतं पॅनल बाजारात गाजलं, आणि नेमकी तेव्हाच वाऱ्यानं समोरची ताडपत्री उडवली. खाली भाऊजींची ऑफिसातली फिरती खुर्ची! पाठ शेकायला वर जात, उन्हाप्रमाणे फिरत, आणि उठताना झाकून येत. आपल्या खुर्चीवरून यांचं नाव झालं म्हणून भाऊजी इतके चिडले, की त्यांनी ढगाळ दिवसांत पुरणारी बॅटरी काढली. मग यांनी तिच्याहून हलकी.

मला कॉन्व्हेंटमधलं जेवणाचं लांब टेबल आठवतं. सिस्टर आपल्या दोघींना दोन टोकांना फडकी देऊन उभं करायच्या, शर्यत लावा असं म्हणावं लागायचंच नाही. टेबलात तोंड दिसायला लागायचं. मधोमध भेटलो की तू माझी वेणी ओढायचीस.

भाऊजी कारखाना बंद करून विश्रांती घेणार, असं तू कळवलंस. तेव्हापासून हे खिडकीकडे पाठ करून बसतात. कागदावर रेघ ओढत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "काही नाही गं, वय झालं." ताई, या माणसाच्या तोंडून वयाचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. मला भीती वाटते.

गुडघ्यांना जप.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाची,
तुझी धाकटी

ता. क. ती खुर्ची अजून असेल तर भाऊजींना म्हणावं, ताडपत्री घालून गच्चीवर ठेवा. अधूनमधून फिरवली तर फारच बरं.

पुन्हा ता. क. पाकीट बंद करायच्या आत यांनी पत्र वाचलं. म्हणाले, "खुर्चीला मी दुसऱ्यांदा फसेन होय? त्याला सांग, दम असेल तर खरं काहीतरी झाक." आणि आता दुर्बीण पुसायला फडकं शोधतायत.