सरकणारी शिट्टी

बाबा, आज माझी एक विद्यार्थिनी तिच्या प्रबंधावर सही घ्यायला आली. आभाराच्या पानावर तिने आधी वडिलांचं नाव घातलं होतं आणि पुढे, ते रिक्षा चालवतात, असंही लिहिलं होतं. मी सही केली, ती गेली, आणि मी दार लावून बसले. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्या फोटोसमोरही मला हे बोलवलं नाही.

त्या थंडीत मी जळगाव जामोदला घरी आले होते, संशोधनाचं यंत्र सोबत घेऊन. टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट येतं तेव्हा मजकूर शेकडो बारीक लहरींवर वाटून पाठवतात, हे मी तुम्हाला जेवताना समजावलं. बाहेरून एखादी परकी लहर तारेत शिरली की तिच्या शेजारपाजारच्या लहरींवरचा मजकूर नासतो, आणि तिचा उपद्रव काढायचा हे माझं काम. भाकरी मोडता मोडता तुम्ही म्हणालात की तुमची अख्खी नोकरी तेच करण्यात गेली, फक्त तुम्हाला कोणी डॉक्टर म्हटलं नाही. आई हसली. मीही हसले, पण मनातून मला ते रुचलं नाही. तुम्ही खांबावर चढणारे लाइनमन, आणि मी पुण्याच्या प्रयोगशाळेतली. माझ्या डोक्यात तेव्हा एवढी हवा होती.

आपल्याच लाइनवर मला तशी एक लहर सापडली. आठ दिवस रोज सकाळी मोजमाप घेऊन मी तिची जागा नक्की केली, तेवढ्या जागेतल्या लहरी कायमच्या बंद करून टाकल्या आणि निघून गेले. मे महिन्यात तुमचा फोन आला, की नेट दुपारी बाराला बंद पडतं आणि ऊन उतरलं की आपोआप सुरू होतं. तुमचा मोडेमच जुना आहे, असं म्हणून मी तुम्हाला झटकलं. तुम्ही वाद घातला नाही. तुम्ही तुमचा जुना ट्रान्झिस्टर घेतलात आणि भर उन्हात तारेखालून चालत सुटलात, नोकरीत असताना बिघाड शोधायला जायचात तसे.

मी चार दिवसांसाठी आले तेव्हा तुम्ही मला सोबत नेलंत. डोक्याला दुपट्टा बांधून तुम्ही पुढे, मी छत्री घेऊन मागे. चार घरं सोडून शिंप्याचं दुकान आहे. त्याच्या मशीनवरच्या दिव्याला वीज पुरवणारी एक छोटी काळी डबी भिंतीला लावलेली आहे, आणि ती जवळ आली की ट्रान्झिस्टरवरच्या निवेदकाच्या आवाजावर शिट्टी चढते आहे. तुम्ही मला दहापासून एकपर्यंत तिथे बसवून ठेवता. मग म्हणता, "आयक. सकाळी शिट्टी बारीक होती, आता चढून राह्यली. डबी तापली का ते सरकते. तू तिले एकाच जागी दाबून राह्यली, अन् ते तिथं हायेच नाही. तिच्या मागं मागं चाल न बाई."

हे इतकं सोपं नसतं, असं मी शिंप्यादेखत फणकाऱ्याने म्हणाले. त्याच दुपारी मात्र वही काढून बसले. लहर सरकेल तसं तिच्या मागे जायचं, क्षणोक्षणी तिचा अंदाज घ्यायचा, तेवढीच वजा करायची आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही. माझा तिसरा अध्याय तो, आणि त्याच अध्यायावर मला पदवी मिळाली. माझी मोजमापं पुरी होईपर्यंत ती बिघडलेली डबी बदलू नको, म्हणून तुम्ही शिंप्याची मनधरणी केलीत. तेवढे दिवस तुमचं नेट रोज दुपारी बंद राहिलं. परीक्षकांनी मला विचारलं, हे सुचलं कसं. मी म्हणाले, प्रत्यक्ष निरीक्षणातून.

पदवी मिळाल्यावर तुम्ही फोनवर विचारलंत, "माहं काही टाकलं का वं त्यात?" मी म्हणाले, हो बाबा, पहिल्याच पानावर. तुम्ही म्हणालात, "येशीन तवा घेऊन ये. मले इंग्रजी नाही समजत, पण माहं नाव त वाचता येते." त्यानंतर दोनदा आले आणि दोन्ही वेळा, प्रबंध पुण्यालाच राहिला, असं सांगितलं. तिसऱ्यांदा आले ती तुम्हाला पोचवायला. तेराव्याला शिंपी माझ्याजवळ आला आणि म्हणाला की पहिल्या पानावर तुमचं नाव आहे, हे तुम्ही साऱ्या गल्लीला सांगत होता. मी त्यालाही हो म्हणाले.

हे पत्र मी आईला दाखवणार नाही. ते पान खरंच आहे असं ती अजून धरून चालली आहे. गडबडीत राहून गेलं असं मी तिला सांगू शकते, आणि ती मानेलही. पण मी विसरले नव्हते, बाबा. ‘ही गोष्ट सर्वप्रथम माझ्या वडिलांच्या, एका टेलिफोन लाइनमनच्या, कानांनी ओळखली’ अशी ओळ मी लिहिली होती. छपाईला देताना मला त्यातल्या लाइनमन या शब्दाची लाज वाटली. तेवढा एकच शब्द काढून पाहिला, तर तुम्हाला ते कळलं कसं हे कुणाला समजेना. म्हणून मी अख्खी ओळ काढून टाकली.