खंडेनवमीला पुजलेलं रिवॉल्व्हर

आबा, परवा माझ्या थोरल्या नातवानं रिवॉल्व्हर घेतलं. ऊस बक्कळ आहे, गाडी आहे, मग कमरेला हेही हवं, अशी हल्ली पद्धत पडली आहे. लग्नात शर्ट जरासा वर सरकवून उभा राहतो, म्हणजे बघणाऱ्याला दिसावं पण दाखवलं असं वाटू नये. मला विचारत होता, "आजोबा, तुमचं पहिलं कसं घेतलंत?" पहिलं म्हणे. जसा काही मी एकावर एक घेत गेलो. मी त्याला सांगितलं, पण अर्धंच. उरलेलं ज्याला सांगावं असा माणूस एकच होता, माझा बाप. त्याला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली, तरी लिहायला बसलो आहे.

लढाईचे दिवस होते. मी मिसरच्या वाळूतून मांडीत लोखंडाचा तुकडा घेऊन परतलेला, पलटणीनं घरी धाडलेला लंगडा शिपाई. बेचाळीसची धामधूम होऊन गेली होती आणि आपल्या कृष्णाकाठची पोरं भूमिगत झाली होती. तुम्ही गावचे पोलीस पाटील, म्हणजे सरकारचे कान. पोरं कुणाच्या वस्तीवर भाकरी खाऊन गेली हे तुम्हाला ठाऊक असायचं, आणि फौजदारानं विचारलं की तुम्ही म्हणायचा, "काय बी खबर न्हाई, सायेब." तुम्ही कुणाचं नाव सांगितलं नाहीत हे मी आजही शपथेवर सांगेन. पण पोरांनी शेजारच्या गावच्या पाटलाला खबऱ्या ठरवून त्याच्या तळपायांवर काठ्या मोडल्या. तो पुढं कितीतरी दिवस घरात रांगत होता. तुम्ही त्याला भेटून आलात, जेवला नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी म्हणालात, घरात हत्यार पाहिजे.

माझं मन तेव्हा मिरजेत होतं. सासऱ्यांनी तिथं शब्द टाकून रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनाची जागा जवळजवळ पक्की केली होती. पोती मोजायची, पावत्या फाडायच्या, संध्याकाळी घरी यायचं. हातात बंदूक न धरता पगार मिळेल, एवढीच माझी जगाकडं मागणी उरली होती. तुम्ही म्हणालात, "जा की मिरजंला. आदी माझ्यासंगं साताऱ्याला चल." साताऱ्यात साहेबानं तुमच्या डोळ्यांतला मोतीबिंदू बघितला आणि तुमच्या नावानं परवाना देत नाही म्हणाला. तुम्ही क्षणभरही थांबला नाहीत. मला दंडाला धरून पुढं केलंत. "मग ह्याच्या नावानं द्या. पलटणीतला हाय." मी सवयीनं टाचा जुळवून ताठ उभा राहिलो आणि साहेब खूश झाला. मी तेवढं लंगडून दाखवलं असतं, तर पुढचं सगळंच टळलं असतं.

दुकान आठवतं का तुम्हाला? पेठेतलं, अरुंद, तेलाचा वास येणारं. दुकानदार पिकल्या दाढीचे मुसलमान गृहस्थ, तुमच्याच वयाचे. त्यांनी एक विलायती रिवॉल्व्हर फडक्यावर ठेवलं. कुण्या गोऱ्या अधिकाऱ्यानं मायदेशी जाताना विकलेलं. तुम्ही बाजारात वांगी निवडावीत तसं ते उलटंपालटं केलंत आणि शेवटी नळीला डोळा लावलात. "पाटील, ती दुर्बीण न्हवं," ते म्हणाले आणि तुमच्या हातातून काढून त्यांनी ते माझ्या हातात दिलं. वाळूतले ते सगळे दिवस तळहाताला पुन्हा येऊन चिकटले. मग त्यांनी मला नियम समजावले. ज्याच्या नावानं हत्यार, त्याच्याच ताब्यात राहायचं. मुक्कामाला परगावी जायचं तर आधी ठाण्यात जमा करायचं. दुसऱ्याच्या हातात दिसलं तर दोघंही आत. तुम्ही मान डोलावत होता आणि मला एवढंच ऐकू येत होतं, की मिरज गेली. परत येताना तुम्ही कंदी पेढे घेतलेत, घरी मुलगा झाल्यासारखे. मोटारीत माझ्या हातावर एक ठेवलात. तो मी खाल्ला. चांगला होता.

तिथवर तरी ठीक होतं. हत्यार पेटीत पडून राहिलं असतं, कुणाला पत्ता लागला नसता. पण दसरा आला. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपल्या घरात विळे, कोयते, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ आणि ती गंजकी तलवार पाटावर मांडून पूजा व्हायची. त्या वर्षी तुम्ही सगळ्यांच्या मधोमध रिवॉल्व्हर ठेवलंत. मी म्हणालो, "आबा, हे झाकून असू द्या." तुम्ही म्हणालात, "आरं, हत्यार पूजायचं न्हाई तर काय करायचं? आन् गावानं बघितलं म्हंजे निम्मं काम झालं." कोतवालाला धाडून तुम्ही गाव बोलावलंत. आईनं हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, अक्षता टाकल्या. लोक पायऱ्या चढून येत होते, हात जोडत होते, बघत होते. अक्षतांचे दाणे नळीत गेले ते मी बायकोच्या केसातल्या आकड्यानं दिवसभर काढत बसलो.

गावानं बघितलं आणि तालुक्यानं ऐकलं. कऱ्हाडच्या बाजारात पोचेपर्यंत पाटलाकडं तीन रिवॉल्व्हरं झाली होती. भूमिगत पोरं त्या दिवसांत हत्यारं गोळा करत हिंडत होती, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आपल्या घरात तोवर चोरानं न्यावं असं काही नव्हतं. राखणीला म्हणून जे आणलं, तेच एक न्यावंसं होतं. मग त्याची राखण मी करायची आणि माझी राखण भिंतींनी करायची. शेतावर गेलो तर कमरेला, नदीवर गेलो तर काठावरच्या धोतराखाली, झोपलो तर उशाला. मेहुणीच्या लग्नाचं बोलावणं आलं तेव्हा बायको मला म्हणाली, "आवं, जायचं का न्हाई ते त्यालाच इचारून सांगा." ती एकटीच गेली. सासऱ्यांचे निरोप आधी गोडीचे होते, मग तुटक झाले. जागा किती दिवस धरून ठेवणार?

ठाण्यात जमा करतो म्हटलं की तुम्ही उसळायचा. तो दिवस मी विसरलो नाही. गडीमाणसं वैरण उतरवत होती आणि त्यांच्या देखत तुम्ही म्हणालात, "जमा केलं की पाटील भ्याला म्हनून गाव हसंल. पलटणीत गेलास, पर काळीज मिरजंला ठिवून आलास." मी वैरणीच्या पेंढ्या उचलायला लागलो. पोरांना गुपचूप देऊन टाकावं तर आपण दोघं तुरुंगात आणि पाटीलकी गेली. न द्यावं तर ती न्यायला येणार, आणि मला आपल्याच गावच्या पोरांवर गोळी झाडावी लागणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, असं झालं होतं. दुसरा दसरा आला. तुम्ही पुन्हा पाटावर ठेवलंत. त्या दिवशी मला तुमचा राग आला होता, आबा. तुमच्या पाठीकडं बघताना आला होता.

मग गुऱ्हाळाचे दिवस. आई, बायको, गडी, सगळे गुळाच्या चुलवणावर गेलेले. भरदुपारी सोप्यात तुम्ही आणि मी दोघंच आहोत. तिघं जण आत येतात, तोंडाला मुंडासं गुंडाळलेलं. पुढचा मुंडासं खाली ओढतो. पलीकडच्या वाडीचा पोरगा, ज्याच्या बापाची जमीन भाऊबंदांच्या घशातून तुम्ही सोडवून दिली होती. म्हणतो, "पाटील, तुमच्याशी वैर न्हाई. हत्यार तेवढं द्या." माझा हात कमरेला गेलेला असतो. तुम्ही माझ्याकडं बघून नुसती मान हलवता, नको अशी. आणि त्याला म्हणता, "बसा की. देतो. पर असंच दिलं तर आमी दोगंबी आत जातोय. आमाला बांधा. आन् माझ्या डोस्क्यात एक घाला, त्याबिगर फौजदार मानायचा न्हाई."

तो पोरगा तुमच्याकडं बघतच राहिला. ज्यांनी खबऱ्यांचे तळपाय फोडले, त्या तिघांना एका म्हाताऱ्याच्या डोक्यात काठी घालवेना. "न्हाई जमायचं, पाटील. तुमच्या उंबऱ्यात भाकरी खाल्लीया." दुसऱ्यानं नजर फिरवली. तिसरा म्हणाला, नुसतं बांधून जाऊ. तुम्ही चिडलात. "नुसतं बांधून काय व्हतंय? ह्या पोराला तुरुंगात धाडायचाय व्हय?" तो पोरगा मी होतो. मग तुम्ही पटका काढलात, मांडीवर घडी करून ठेवलात आणि माझ्यापुढं डोकं वाकवलंत. "तू घाल. हत्याराच्या मुठीनं घाल. एकच, पर रगत निघाय पायजे."

मी गोळ्या काढून वाडीच्या पोराच्या हातात दिल्या. रिवॉल्व्हर नळीकडून धरलं. तुमचं डोकं मी तसं उघडं, इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. विरळ केस आणि त्याखाली लहान मुलासारखी गोरी कातडी. मी फटका घातला. रक्त आलं, लगेच आलं, कानामागून मानेवर उतरलं. काम झालं होतं. मी आणखी एक घातला. तुम्ही हुंकारलात आणि हात टेकलात. पोरानं माझं मनगट धरलं. "आरं, बास की. म्हातारा हाय त्यो."

त्यांनी आपल्याला समोरासमोरच्या खांबांना बांधलं आणि हत्यार घेऊन गेले. आई येईपर्यंत आपण तसेच बसून होतो. तुमचा एक डोळा रक्तानं चिकटला होता. तुम्हीच बोललात, आणि बोललात ते काय, तर "मिरजंला सांगावा धाड. जागा हाय का गेली, इचार." संध्याकाळी फौजदार आला. कोण होते? "तोंडं बांधल्याली व्हती." कशानं मारलं? "काठीनं." किती? तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. म्हणालात, "दोन."

जागा गेली नव्हती. मी मालधक्क्यावर लागलो, पोती मोजली, बढती घेतली, तिथंच म्हातारा झालो. स्वराज्य आलं आणि पुढच्याच वर्षी तुम्हाला ताप भरला म्हणून मी मिरजेच्या दवाखान्यात आणलं. डोक्यावर बर्फ ठेवायला नर्सनं तुमचे केस काढले. त्या दोन खुणा शेजारी शेजारी होत्या. ती म्हणाली, हे कशाचं? तुम्ही म्हणालात, "दाराची चौकट लागली." मी बर्फाची पिशवी धरून बसलो होतो. तेव्हा खोलीत आपण दोघंच किती वेळ होतो, आणि बोललो काय तर उसाला पाणी कुणी पाजायचं ते. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

नातवाला मी सांगितलं की पोरांनी पणजोबांना मारलं आणि हत्यार नेलं. घरात तेच चालत आलं आहे. बायकोलाही मी तेच सांगितलं होतं आणि ती तेच खरं मानून गेली. हे कुठं धाडायचं नाही म्हणून निदान लिहवतं तरी आहे. तुम्ही एक घाल म्हणाला होता. तो मी डोळे मिटून घातला, तुमच्यासाठी. दुसरा घालताना माझे डोळे उघडे होते, आबा, आणि मला बरं वाटलं होतं.