गैरहजराच्या दारावरची थाप

बाई, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली. आपली परळची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, पण खालचा बुद्धविहार अजून आहे, आणि तुमचा वर्ग तिथे पुन्हा भरतो आहे. ही बातमी पहिल्यांदा तुम्हाला सांगायला हवी.

चौथीत भागाकार जमेना म्हणून मी तुमच्या फुकट वर्गाला दांडी मारली होती. हजेरी झाली की तुम्ही इतरांना पाढे लिहायला बसवून गैरहजर मुलांच्या दारी जायचात. मी पाण्याच्या पिंपामागे दडले आहे, दारावर तुमची थाप पडते आहे, आणि आई सरळ सांगते आहे, "आहे की आत. न्या ओढून!" तुम्ही म्हणालात, "वर्ग फुकट आहे म्हणून यायचं-न यायचं तुझ्या मर्जीवर नाही हं."

आता जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांचे कोर्स मोबाइलवर फुकट मिळतात. ज्या दारांत आपल्या माणसांना कधी उभं केलं नाही ती दारं आज आपल्या खिशात आहेत, असं मी सभांतून गरजले. ते खरंच आहे. माझं ऐकून इस्पितळात आयाबाई असलेल्या शेजारणीने म्हाताऱ्या रुग्णांच्या देखभालीच्या कोर्सला नाव घातलं. दहावीला बसण्याआधीच तिचं लग्न झालेलं. आयुष्यात एक तरी परीक्षा पास व्हायचंच, ही तिची जिद्द. तिसऱ्या आठवड्यात तिने सोडून दिलं. म्हणाली, "सगळं इंग्लिशमध्ये, ताई. आणि मी बघायचं बंद केलं तर त्यांना काय कळतंय?"

जगभर लाखो माणसं अशीच मध्येच गळतात, आणि कुणी त्यांच्या दारी जात नाही. मग तुम्ही आठवलात. मी एक वही आणली. दर रविवारी त्या शेजारणीसकट आम्ही पाच जणी विहारातल्या टीव्हीला मोबाइल जोडून बसू लागलो. दर दोन वाक्यांना थांबवून मी मराठीत सांगायची. आधी हजेरी, आणि जी आली नाही तिच्या दारावर थाप.

गेल्या महिन्यात शेजारीण पास झाली. पडद्यावर स्वतःचं नाव तिने तीनदा वाचलं आणि म्हणाली, "आता सासूला सांगते, डॉक्टरीण झाले!" एवढा अभिमान मला माझ्या कुठल्याच टाळ्यांचा वाटला नव्हता.

त्या कोर्सला नाव मीही घातलं होतं. सहाव्या रविवारी मी गेले नाही. दारावर शेजारणीची थाप पडली. "ताई, पंख्याचा आवाज येतोय हां! लोकांना जागं करता आणि स्वतः झोपता?" मी पंखा बंद केला आणि श्वास रोखून बसले. माझ्यावाचून त्यांचं अडलं नाही. त्या दिवशी औषधाच्या मात्रेचं गणित आहे हे मला आधीच ठाऊक होतं, आणि आकड्यांना इंग्रजी लागत नाही. शेजारणीनेच ते फळ्यावर सोडवलं.

हे पत्र त्या हजेरीच्या वहीत ठेवायचा धीर होत नाही. त्या रविवारी माझ्या नावापुढे शेजारणीने मला सांभाळून घेत 'सभेला गेल्या' असं लिहिलं आहे, आणि मी ते खोडलेलं नाही. सभा नव्हती, बाई. भागाकार होता.